हलू नका, पळा!

चावणाऱ्या माश्यांबद्दल जगात दोनच सल्ले मिळतात. पहिला, अजिबात हलू नका. दुसरा, जीव मुठीत धरून पळा. यातला एक खोटा असता तर किती बरं झालं असतं! पण दोन्ही खरे आहेत. एखादी माशी कानाशी घोंघावत असेल तर ती बहुधा चौकशीला आलेली असते. तुम्ही फूल नाही अशी खात्री पटली की जाते. आपण हात झाडले की मात्र चौकशीचा खटला होतो. उलट अख्खं मोहोळ अंगावर आलं, तर पुतळा होऊन उभं राहणं म्हणजे त्यांची सोय करून देणं. तेव्हा पळायचं. सरळ रेषेत, मागे वळून न बघता, दार मिळेपर्यंत.

म्हणजे एक असेल तर थांबा आणि शंभर असतील तर पळा. इथपर्यंत समजलं. पण सात असतील तर? या मधल्या आकड्याचा विषय निघाला की भलेभले जाणकार मूग गिळून बसतात.

माझी तालीम गांधीलमाश्यांनी करून घेतली. न्हाणीघराच्या खिडकीवरच्या सज्ज्याखाली एक जण आली आणि तिने देठावर लटकणारं घर बांधायला घेतलं. एकटीने, आणि तेही राणी असून. बाल्कनीत आमची एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तिच्या हातावर बसून ही बाई जबड्याने लाकूड खरवडायची. दुपारी सामसूम असली की तो आवाज स्पष्ट ऐकू यायचा. खर्र, जरा थांबा, खर्र. खुर्चीवर बारीक पांढुरक्या रेघा उमटायच्या. तो भुसा थुंकीत कालवून त्याचा कागद करायचा आणि त्या कागदाच्या षटकोनी खोल्या पाडायच्या, असं काम. देठाला वर मुंग्या चढू नयेत म्हणून स्वतःच्या अंगचा लेपही देतात. आमच्या घराच्या डागडुजीला आलेल्यांपैकी कुणाला इतकं निगुतीने काम करताना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे मी कौतुकाने बघत बसायचो.

"कौतुक पुरे," बायको म्हणाली. "आत्ता एकच आहे, हाकल."

"एक असेल तर हलायचं नसतं," मी म्हणालो.

मग तिला मुली झाल्या. त्या मोठ्या झाल्या आणि आईच्या हाताखाली कामाला लागल्या. गांधीलमाशी उडताना मागचे लांब पाय खाली तसेच लोंबत ठेवते, विमानाने चाकं आत घ्यायला विसरावं तशी. अशा चाकं न मिटलेल्या बायका आमच्या बाल्कनीतून दिवसभर ये-जा करू लागल्या. आम्ही रस्ता सोडून चालायला शिकलो. आंघोळ खिडकी लावून, तीही गाणं न म्हणता. आई म्हणाली, एवढ्या दोन चांगल्या गोष्टी तरी झाल्या.

डंख बसला तो दोरीवरच्या शर्टात. वाळलेला शर्ट मी अंगात चढवला आणि बाहीत आधीच कुणीतरी होतं. इथे मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्यातला फरक मला फार जवळून कळला. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. नांगी कातडीत रुतते, माशी उडाली की पोटातून उपटून मागे राहते आणि माशी मरते. म्हणजे तिला आयुष्यात एकदाच संधी. गांधीलमाशीची नांगी जवळजवळ गुळगुळीत असते. आत जाते, बाहेर येते आणि पुन्हा आत जायला मोकळी. बाहीतून बाहेर पडण्याआधी तिने या सोयीचा पुरेपूर उपयोग केला. दोघींमध्ये सारखं इतकंच की नांगी फक्त माद्यांना असते, कारण ती मुळात अंडी घालायचा अवयव. नर निरुपद्रवी. हे शास्त्रीय सत्य बायकोने माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं.

दंडावर बर्फ धरून बसल्यावर माणूस अभ्यास करतो. जस्टिन श्मिट नावाचे एक अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ होते. वेगवेगळ्या कीटकांचे डंख सोसून त्यांनी दुखण्याला १ ते ४ असे गुण दिले. मधमाशीला त्यांच्याकडे २ गुण. मायकेल स्मिथ या दुसऱ्या संशोधकांनी त्यापुढे मजल मारली. शरीरावर कुठे चावलं की किती दुखतं हे बघायला त्यांनी स्वतःला २५ ठिकाणी मधमाश्या चावून घेतल्या, प्रत्येक ठिकाणी तीनदा. नाकपुडी पहिली आली, वरचा ओठ तिच्या मागोमाग. २०१५ साली या दोघांना मिळून इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, देण्यात आलं, आणि ते योग्यच झालं. माझी तक्रार यादीच्या तळाबद्दल आहे. सगळ्यात कमी दुखणाऱ्या जागा कोणत्या, तर डोक्याचा माथा, पायाच्या मधल्या बोटाचं टोक आणि दंड.

"म्हणजे तू उगीच ओरडलास," बायको म्हणाली.

यानंतर गच्चीवर आग्या मोहोळ लागलं आणि गांधीलमाश्या एकदम घरच्या वाटायला लागल्या.

आग्या माशीला ढोली नको, पेटी नको, आडोसा नको. उंचावर एखादी भक्कम फांदी, कडा किंवा आमच्यासारख्यांची पाण्याची टाकी मिळाली की तळाला एकच उघडं पोळं टांगायचं. तेही लहानसहान नाही, मीटरभर रुंदसुद्धा होतं. पोळं म्हणून जे दिसतं ते मुळात पोळं नसतंच, ते झाकून बसलेल्या हजारो माश्या असतात. जिन्याच्या दाराच्या फटीतून मी बराच वेळ बघत होतो. मध्येच एक काळी लकेर त्या अंगावरून सर्रकन वाहत गेली. एक जण पोट वर उचलते, तिचं बघून शेजारीण, मग तिची शेजारीण, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लाट या टोकाहून त्या टोकाला. हे शत्रूला बिचकवण्यासाठी असतं. शत्रू म्हणजे मुख्यतः मोठ्या गांधीलमाश्या. मी त्यांच्या बाजूने आलो नव्हतो, पण बिचकलो.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे शेजारचे काका. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "आपण त्यांना काही केलं नाही तर त्या आपल्याला काही करत नाहीत." ऐकायला फार छान वाटतं. पण माश्या हिशेब माणशी ठेवत नाहीत. वरच्या मजल्यावर एकाने भिंतीत ड्रिल मशीन घातलं, थरथर टाकीपर्यंत पोचली, आणि त्याची वसुली झाली खाली गाड्यांपाशी उभ्या असलेल्या आम्हा निरपराध मंडळींकडून. मशीनवाला खिडक्या लावून आत सुरक्षित होता. त्याला तर दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिली माशी आली तेव्हा मी नियमाप्रमाणे थांबलो. दुसरी आली. मी मोजायला लागलो, कारण तो मधला आकडा शेवटी प्रत्यक्ष समोर येत होता. चारपर्यंत नीट मोजलं. पाचवी भुवईवर बसली. माश्या चेहऱ्याकडेच का झेपावतात, तर आपला श्वास त्यांना वाट दाखवतो. म्हणजे घाबरून धापा टाकाव्यात तर तेही त्यांच्याच पथ्यावर. तेवढ्यात "हलू नका! कुणीही हलू नका!" असं ओरडत काका माझ्या पुढून पळत गेले.

मी त्यांच्या मागोमाग निघालो. सुदैवाने जवळ पाणी नव्हतं, नाहीतर कुणीतरी त्यात उडी घ्या म्हणून सुचवलंच असतं. माश्या वर थांबतात. त्यांना घाई नसते, दम आपल्याला घ्यायचा असतो. धावताना मी शर्ट डोक्यावर ओढून घेतला. हा उपाय चेहऱ्यासाठी उत्तम आहे. पाठीचं काय होतं ते पाठीला विचारा.

जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत आम्ही घुसलो आणि दार लावलं. आत मी, काका, तळमजल्यावरच्या वहिनी, एक पार्सलवाला आणि आमच्याबरोबर आलेल्या काही माश्या. मधमाशी डंख मारते तेव्हा नांगीपाशी एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा. बाकीच्यांना तो सांगतो की शत्रू इथे आहे, या. म्हणजे पहिला डंख हा नुसता डंख नसतो, तो पत्ता असतो. त्या बंद खोलीत काकांचा पत्ता सगळ्यात ठळक होता.

पार्सलवाल्याने मोबाइलचा टॉर्च लावला. कोंडलेली माशी उजेडाकडे जाते. त्याने टॉर्च माझ्या हातात दिला.

मग निघाला नांगी काढण्याचा प्रश्न. मधमाशीची नांगी तुटून आपल्यात राहते तेव्हा विषाची पिशवीही तिच्याबरोबर राहते, आणि माशी गेल्यावरही ती आपलं काम चालू ठेवते. वहिनींचं म्हणणं, चिमटीत धरायची नाही, पिशवी दाबली जाऊन उरलेलं वीष आत जातं. एखाद्या कार्डाच्या कडेने खरवडून काढायची. काकांचं म्हणणं, कार्ड शोधेपर्यंत माणूस जाईल, नखाने उपटा. दोघांकडेही दाखले होते. दोघेही मुद्देसूद बोलत होते. नांग्या काकांच्या मानेत होत्या आणि एकीकडे पिशव्या पंप होत होत्या. १९९६ साली संशोधकांनी हे मोजून पाहिलंय. चिमटीत धरा नाहीतर खरवडा, फरक पडत नाही, फरक पडतो तो वेळेने. शेवटी हा वाद पार्सलवाल्याने मिटवला. त्याने काही न बोलता काकांची मान वाकवली आणि नखाने पटापट सगळ्या काढल्या.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. ज्याला श्वास लागतो, चक्कर येते, घसा आवळल्यासारखा वाटतो किंवा चावलेली जागा सोडून अंगभर गांधी उठतात, त्याला घरगुती उतारे करत बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. खूप डंख बसले असतील तर काही त्रास जाणवत नसला तरी जायचं. आम्हीही गेलो. तिथे ज्याने माझी भुवई तपासली त्याने आधी विचारलं, कोणती भुवई. तोवर डाव्या बाजूला भुवई अशी राहिलीच नव्हती.

घरी फोन करायला मोबाइल काढला तर तो उघडेना. चेहरा ओळखला नाही, पुन्हा प्रयत्न करा. प्रयत्न केले. चेहरा सरळ धरला, तिरका धरला, सुजलेली बाजू हाताने झाकली. नाही ओळखला. २००५ साली शास्त्रज्ञांनी मधमाश्यांना शिकवून पाहिलं होतं आणि त्या माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो बरोबर वेगळे ओळखू लागल्या होत्या. म्हणजे त्या घडीला मला ओळखू शकणारं जगात जे कुणी होतं, त्यांनीच माझी ही गत केली होती. आईने दार उघडलं आणि "कोण पाहिजे?" असं विचारलं. तिने गंमत केली असं ती अजून म्हणते.

नंतर मोहोळांचा एक माहीतगार बोलावला. संध्याकाळी उशिरा आला, जिन्याच्या दारातून पाहिलं आणि म्हणाला, "काही करू नका. हंगाम सरला की जातील." धूर करायचा का? नाही. फवारा मारायचा? मुळीच नाही. अत्तर लावून, काळे कपडे घालून वर जाऊ नका, टाकीजवळ आदळआपट नको, दार बंद ठेवा. आणि पुढच्या हंगामात? "जागा आवडली असेल तर परत येतील." एवढं बोलून तो गेला. इतका कमी बोलणारा माणूस काकांना अर्थातच पटला नाही. काहीतरी करायला हवं, असं कमिटीचं ठरलं, आणि कमिटीला जे एक करता येतं ते तिने केलं. नोटीस काढली.

मसुद्याच्या बैठकीला मी सुजलेल्या अवस्थेत हजर होतो, अनुभवी म्हणून. मधल्या आकड्याचा मुद्दा मी लावून धरला. एक म्हणाला दहा, एक म्हणाला ते माशीच्या आकारावर आहे, वहिनी म्हणाल्या मोजायला उभं राहायचंच कशाला, आणि त्यांनी माझ्या भुवईकडे पाहिलं. दीड तास चर्चा झाली. गच्चीच्या दारावर अखेर जी नोटीस लागली ती अशी: "माश्या कमी असल्यास हलू नये. जास्त असल्यास पळावे. मध्यम असल्यास सेक्रेटरींशी संपर्क साधावा."

काही दिवसांनी मोहोळ उठून गेलं. सकाळी बघितलं तर टाकीखाली नुसतं मेण लटकत होतं, एकही माशी नाही. त्या माणसाने सांगितलं होतं तसंच. काकांना विचाराल तर तो नोटिशीचा परिणाम आहे. आणि ती टाकीच्या बाजूला तोंड करून लावलेली होती, हे मला नाकारता येत नाही.