दोन पंपांचा ब्रेक

जुनी विलीज जीप बघायला गेलं की मालक एक वाक्य हमखास ऐकवतो, "ब्रेकचं काही टेन्शन नाही, दोन पंप मारले की लागत असतंय." परभणीपासून धाराशिवपर्यंत या वाक्याला आरसी बुकाएवढा मान आहे. पण ताशी 40 किलोमीटरच्या वेगात पायडलच्या दोन पंपांमध्ये एक सेकंद गेला तरी जीप 11 मीटर पुढं सरकलेली असते. तेवढ्या जागेत आपल्याकडे दोन म्हशी सहज मावतात, मालकासकट.

पंप मारल्यावर पायडल वर येत असेल, तर लायनर (घासून चाक थांबवणारा पट्टा) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा) यांच्यातली फट वाढलीय. स्पंजासारखं दबत असेल, तर ब्रेक ऑईलच्या नळीत हवा आहे. दाबून धरलेलं पायडल हळूहळू फळीकडं निघालं, तर मास्टर सिलिंडरचा (पायडल दाबलं की ऑईल चाकांकडं ढकलणारा) वॉशर गेला किंवा कुठंतरी गळतंय. तिन्ही दुखण्यांवर गावातलं औषध मात्र एकच: अजून एक पंप.

ड्रम निघाला की आतल्या काळ्या पुडीवर फुंकर मारायचा मोह होतो. मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्यानं पुसा. चाकातला, शू ढकलणारा व्हील सिलिंडर पुढचा एक इंची, मागचा पाऊण इंची; दुकानदार विचारल्याशिवाय जो हाताला लागेल तो देतो. शू म्हणजे लायनर बसवलेली कमान; लांब लायनरचा शू पुढच्या बाजूला. उलटा बसवला तरी बसतो, हीच तर पंचाईत.

आता फट. ड्रममागच्या पत्र्यावर, म्हणजे बॅकप्लेटवर, प्रत्येक शूचा एकेक एक्सेंट्रिक (शू पुढंमागं सरकवणारा फिरता बोल्ट) असतो. चाक जॅकवर घ्यायचं, एक्सेंट्रिक फिरवत शू ड्रमला टेकवायचा, चाक जाम झालं की चाक मोकळं फिरेपर्यंत परत मागं घ्यायचा. मग दुसरा शू. शू ज्यावर टेकतात त्या खालच्या अँकर पिनांना नवे लायनर असल्याशिवाय हात लावू नये. तिथं फट मोजायचा फिलर गेज लागतो, शूच्या खालच्या टोकाला 5 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), वरच्या टोकाला 8. गेजच्या जागी पोस्टकार्ड सरकवणारे कारागीरही आहेत. पोस्टकार्डाची जाडी कोणत्या पोस्टात मोजतात, देव जाणे.

पायडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवाच. ती नसली तर मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक बंद राहतं, तापलेलं ऑईल मागं येत नाही आणि ब्रेक आपोआप धरत जातो. लोक म्हणतात, "घाटात दम लागला गाडीला."

मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली. आधी झाकण पुसा, नाहीतर काळी माती थेट आत. ब्रेक ऑईल डॉट 3 या प्रकारचंच. "तेल ते तेल" म्हणून इंजिन ऑईल ओतलं तर सगळे वॉशर पुरीसारखे फुगतात.

हवा सगळ्यात लांबच्या चाकापासून काढायची, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या जीपला मागच्या डाव्यापासून. चाकामागच्या हवा काढायच्या निपलची नळी ऑईलच्या बाटलीत बुडालेली हवी. वर बसलेला पायडल दाबतो, खालचा निपल सोडतो, पुन्हा आवळतो, "हां, सोड!" म्हणतो. वरचा नेहमी निपल आवळायच्या आधीच पायडल सोडतो आणि काढलेली हवा परत आत जाऊ शकते. यासाठी मित्र नको, कमी बोलणारा आणि उशिरा ऐकणारा माणूस शोधा. दर आठ-दहा पंपांनी मास्टरमध्ये ऑईल बघा; तळ दिसला की सगळं पहिल्यापासून.

औट्रम घाटात शिरण्याआधी मोकळ्या मैदानात दाबून बघा. गाडी एका बाजूला ओढली तर त्या बाजूला कौतुक नको. बहुधा दुसऱ्या चाकाचा सिलिंडर जाम असतो.

एवढं केलं की जीप एका पंपात थांबते. मागून येणाऱ्या उसाच्या डबल ट्रॉलीला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं.