सुपारी घेणाऱ्याला रॉबिनहूड का म्हणता?

अलेक्सेई बालाबानोव यांच्या ‘ब्रात’ (म्हणजे भाऊ) या १९९७ च्या रशियन चित्रपटाबद्दल एक दावा सारखा फिरत असतो. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या अंदाधुंदीत युद्धावरून परतलेला साधाभोळा जवान दानिला पीटर्सबर्गला येतो, गुंडांना वठणीवर आणतो, सगळी व्यवस्था साफ करतो, गोरगरिबांना न्याय देऊन त्यांचा लाडका होतो आणि ‘ताकद पैशात नाही, सत्यात आहे’ असं जगाला सुनावतो. थोडक्यात, रशियाचा रॉबिनहूड. ऐकायला झकास, पण चित्रपटात वेगळंच घडतं. (शेवट सांगितल्याशिवाय हा वाद घालता येत नाही. ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहून यावं.)

आधी तो संवाद. तो या चित्रपटात नाहीच! २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात दानिला थेट शिकागो गाठतो आणि तिथल्या एका धनदांडग्याला हे ऐकवतो. त्या भागाचा माजच निराळा. २०२२ पासून युक्रेनवरच्या आक्रमणाच्या प्रचारात याच वाक्याचा वापर झाला. पहिल्या भागावर ते लादायचं कारण नाही.

‘युद्धावरून परतलेला जवान’ हेही प्रेक्षकांनीच ठरवलंय. कोणी विचारलं की दानिलाचं उत्तर एकच: मी मुख्यालयात कारकून होतो. आता हा कारकून प्लॅस्टिकच्या बाटलीचा सायलेन्सर किती सराईतपणे बनवतो ते पाहा. घाई नाही, राग नाही, हात थरथरत नाहीत. तो खोटं बोलतोय हे आपल्याला कळतं, पण तो कुठे होता, तिथे त्याने काय केलं हे बालाबानोव शेवटपर्यंत सांगत नाहीत. साधाभोळा म्हणून निभावून नेण्यासारखा हा माणूस नाही.

न्यायाचं म्हणाल तर पहिला खून कशासाठी होतो? थोरला भाऊ व्हिक्टर भाडोत्री मारेकरी. बाजारावर पकड बसवलेल्या एका चेचेन माणसाची सुपारी त्याने घेतलेली असते आणि ती तो धाकट्याच्या गळ्यात मारतो. धाकटा काम उरकतो, पैसे घेतो, नवे कपडे घेतो. यात गरिबांचा काय संबंध? हां, बाजारात हॉफमन नावाच्या बेघर माणसाला तो खंडणीखोराच्या तावडीतून सोडवतो, ते खरं. पण हाच दानिला ट्राममध्ये तिकीट न काढलेल्या, कॉकेशस भागातल्या दोन प्रवाशांवर पिस्तूल रोखून घाणेरड्या वांशिक शिव्या देतो, आणि ज्यू आपल्याला फारसे आवडत नाहीत असं हॉफमनला सहज सांगून टाकतो. चित्रपट त्याला त्याबद्दल फटकारत नाही. मला ते खटकतं, आणि खटकायलाच हवं. रॉबिनहूडवाले हे प्रसंग मोठ्या सोयीने गाळतात.

आणि गोरगरिबांना तो हवासा वाटतो, हा तर कहरच. ट्राम चालवणारी स्वेता घ्या. दानिलाला शोधत आलेले गुंड तिच्यावर अत्याचार करतात. ती त्याच्यामुळेच या फेऱ्यात सापडलेली असते. शेवटी तो तिला न्यायला येतो, तिला मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या पायात गोळी घालतो. रॉबिनहूडच्या गोष्टीत इथे ती त्याच्या गळ्यात पडली असती. इथे ती धावते नवऱ्याकडे, आणि दानिलाला ओरडून निघून जायला सांगते. तो गाण्यांची सीडी तिच्यासाठी ठेवून निघतो. हॉफमनला पैसे देऊ करतो, तर तोही घेत नाही. बिनदिक्कत पैसे घेते ती एकटी कॅट, मौजमजेत रमलेली पोरगी. ज्यांच्यासाठी आपण हे केलं असं त्याला वाटतं, ती माणसं त्याच्याकडे पाठ फिरवतात, ही या चित्रपटातली सर्वांत धारदार गोष्ट.

तरी हा दावा टिकतो, त्याला कारण दानिला साकारणारा नट सेर्गेई बोद्रोव. तो निरागस चेहरा पाहिला की खून विसरायला होतात. त्यात २००२ मध्ये, अवघ्या तिशीत, कॉकेशसमध्ये हिमनदी कोसळून तो चित्रीकरण पथकासह गेला, आणि भूमिकेभोवती दंतकथा जमली ती जमलीच.

राहिला मुद्दा ‘व्यवस्था साफ करण्याचा’. गोळीबार संपल्यावर दानिला आपल्याला विकणाऱ्या व्हिक्टरला माफ करतो, आईकडे गावी धाडतो आणि सल्ला देतो: पोलिसात नोकरी धर. सुपाऱ्या घेणारा माणूस उद्या गावात वर्दी चढवणार, आणि हे सुचवणारा आमचा नायक पैशांची पिशवी घेऊन मॉस्कोच्या ट्रकमध्ये बसणार. यात साफ काय झालं, ते दावा करणाऱ्यांनीच सांगावं.