पहिल्याची सर नाही

'वर्मवुड: अपोकॅलिप्स' (2021) या झॉम्बीपटाच्या दुसऱ्या भागाला एका लेखात 'पहिल्यापेक्षा भव्य' म्हटलंय. भव्य असेलही, पण मजा कुठाय? 2014 चा पहिला 'वर्मवुड' दिग्दर्शक किया रोश-टर्नर आणि त्याच्या भावाने शनिवार-रविवार गाठून, जवळपास चार वर्षं रखडत पूर्ण केला होता. ती धडपड पडद्यावर दिसायची. झॉम्बीच्या श्वासातला वायू पेट घेतो, मग त्यालाच गाडीला जोडून इंधन म्हणून वापरायचं! असली अचाट कल्पना खिसा रिकामा असलेल्यालाच सुचते. शिवाय बायकोमुलीला गमावलेला नायक बॅरी होता, म्हणून त्या वेडेपणालाही काळीज होतं.

दुसऱ्या भागात तीच युक्ती पुन्हा, फक्त यंत्रं जास्त. सुरुवातीची दहाएक मिनिटं झकास, हे कबूल. पुढे मात्र नुसता गोळीबार आणि रक्ताचे फवारे. पहिल्या भागात मेलेल्या खलनायक कॅप्टनचा जुळा भाऊ आणलाय, म्हणजे नट तोच! (आपल्या सिनेमावाल्यांनाच हसतो आपण.) आणि झॉम्बींना मनाने नाचवणारी ब्रुक, पहिल्या भागाचा हुकमाचा एक्का, तिला बराच वेळ नुसतं डांबून ठेवलंय. बॅरी तर पाहुण्यासारखा येऊन जातो.

तिसरा आला तर बघेन म्हणा. खोड जात नाही.