काटिये केकेलबेकला का वगळलं?
अफ्रिकान्स (दक्षिण आफ्रिकेतली, डचमधून घडलेली भाषा) रंगभूमीवरचा तुमचा लेख आवडला, पण तिची सुरुवात थेट एस. जे. डू टॉय यांच्या 'मग्रीता प्रिन्सलो' या नाटकापासून धरलीय ते काय पटलं नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1838 ला तिथल्याच ग्रॅहम्सटाउन गावच्या हौशी मंडळींनी 'काटिये केकेलबेक' हे नाटक केलं होतं की! लिहिणारा अँड्र्यू गेडिस बेन, म्हणजे घाटरस्ते बांधणारा माणूस, नाटक हा त्याचा धंदा नव्हेच. भाषा अर्धी इंग्रजी अर्धी तिथल्या बोलीतली डच, म्हणून 'पहिलं अफ्रिकान्स नाटक' म्हणायला लोक कचरतात, ठीक आहे. पण काटिये, म्हणजे कॅट रिव्हर भागातली खोईखोई (तिथल्या मूळ रहिवासी जमातीची) बाई, येते, गाणं म्हणत स्वतःची ओळख करून देते, आणि खिल्ली उडते ती तिची आणि मिशनऱ्यांची, समोर बसलेले वसाहतवाले गोरे हसतायत. आज वाचताना जाम खटकतं. तरी वगळू नका हो.