३८४ उत्तरं आली म्हणजे संशोधन झालं?

ब्लॅक बुक (कॉलेजच्या प्रकल्पाचा अंतिम अहवाल) बाइंडिंगला टाकायची घाई सुरू झाली की मुंबईतल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शीर्षक दर वर्षी थोडं बदलतं, आतला माल तोच. सॅम्पल जितकं मोठं तितकं संशोधन खरं. ३८४ चा आकडा गाठला की एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) काही बोलू शकत नाही. गूगल फॉर्मची लिंक कुणालाही जाऊ शकते, म्हणून ते रँडम सॅम्पलिंगच. आरसीटी (चिठ्ठी टाकून गट पाडलेला प्रयोग) सोडून कशानेच कारण सिद्ध होत नाही. मुलाखती आणि केस स्टडी म्हणजे गप्पा. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली की गृहीतक सिद्ध. आणि मर्यादांच्या प्रकरणात ‘वेळ आणि पैसा अपुरा होता’ एवढं लिहून मोकळे व्हा.

हे सगळं निव्वळ बिनबुडाचं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण यातल्या बहुतेक वाक्यांच्या मुळाशी एखादी खरी गोष्ट आहे, आणि मुलं फसतात ती त्यामुळेच.

आधी ३८४ चं बघू. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ हा आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.२५ ने गुणायचं (निम्मे हो आणि निम्मे नाही म्हणतील असं धरलं की हे येतं) आणि चुकीची मुभा ५ टक्के म्हणून ०.०५ च्या वर्गाने भागायचं. उत्तर ३८४.१६. मुलं ज्याला ‘मॉर्गन टेबल’ म्हणतात तो १९७० सालचा नमुन्याच्या आकाराचा तक्ता याच गणितावर उभा आहे. गणित चोख आहे, पण त्याला दोन अटी आहेत आणि फॉरवर्डमध्ये दोन्ही गाळल्या आहेत. एक, नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेला हवा. दोन, तुम्हाला सगळ्या गटाची मिळून एकच टक्केवारी काढायची असायला हवी. ‘मुलगे आणि मुली यांच्यात फरक आहे का’ असं विचारलंत की ३८४ चे १९२-१९२ झाले. मग प्रत्येक गटातली चुकीची मुभा ७ टक्क्यांवर जाते आणि दोन गटांतल्या फरकाची मुभा १० च्या आसपास. मुलींत ५५ टक्के आणि मुलग्यांत ४८ टक्के आले, म्हणून दोन पानं निष्कर्ष लिहिण्यासारखं त्यात काहीही नसतं.

गंमत म्हणजे लोकसंख्या किती मोठी, याने हा आकडा फारसा हलत नाही. माटुंग्यासाठीही तेवढीच माणसं लागतात आणि १ कोटी २४ लाखांच्या (२०११ ची जनगणना) अख्ख्या मुंबईसाठीही जवळपास तेवढीच. पातेलं मोठं आहे म्हणून कोणी मूठभर शितं दाबून बघत नाही. शीत कुठून उचललं ते महत्त्वाचं.

ते चुकीच्या जागेवरून उचललं तर काय होतं, हे १९३६ साली अमेरिकेत दिसलं. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. साप्ताहिकाने रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन यांना विजयी ठरवलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून घेतलेले, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांचे. त्यातही ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तरं पाठवली. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला.

नमुना बरोबर निवडला तरी मोजणीतली चूक संख्येने धुऊन निघत नाही. यासाठी मला नेहमी आठवतात ते संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. १९४० च्या दशकात देशात पिकाचा अंदाज नमुना-कापणीने काढायचं काम चालू होतं. शेतात एक तुकडा आखायचा, तेवढ्यातलंच पीक कापून तोलायचं. तुकडा केवढा असावा, यावरून सुखात्मे आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यात चांगलीच जुंपली. महालनोबीसांचा कल लहान तुकड्यांकडे, कारण खर्च कमी आणि त्याच पैशांत जास्त जागा पाहून होतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येतं. कारण अगदी साधं आहे. दोरीच्या बरोब्बर रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. ४ मीटर बाजूच्या चौकोनात १६ चौरस मीटरला १६ मीटर कड असते. १ मीटरच्या चौकोनात १ चौरस मीटरलाच ४ मीटर कड. म्हणजे लहान तुकड्यात काठावरची रोपं चौपट भाव खाऊन जातात. असे हजार तुकडे कापलेत तरी चूक एकाच दिशेला. फरक एवढाच की आता ती चूक तुम्ही जास्त आत्मविश्वासाने सांगता. तुमच्या प्रश्नावलीत ‘तुम्ही नियमित व्यायाम करता का?’ असा प्रश्न असेल, तर ‘नियमित’ हा शब्द म्हणजे ती दोरी.

गूगल फॉर्मबद्दल फार लिहायला नको. लिंक कुणालाही जाऊ शकते आणि प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता ठाऊक आहे (खरं रँडम सॅम्पलिंग म्हणजे हे), यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत (आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर) कोरोनाच्या प्रतिपिंडांचं सर्वेक्षण झालं. ६,९३६ नमुने घेतले. झोपडपट्टी आणि बाहेरची वस्ती वेगवेगळी धरून. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली, बाहेर १६ टक्के. एकाच वॉर्डात दोन मुंबई. दोन्हीकडचे लोक मुद्दाम शोधून घेतले नसते तर हा फरक दिसलाच नसता. लिंक आपल्या माणसांकडून आपल्याच माणसांकडे जाते. त्याला सोयीचा नमुना म्हणतात, तो वापरायला बंदी नाही. फक्त ब्लॅक बुकात त्याच नावाने लिहा.

आता आरसीटी. इथे फॉरवर्डवाल्याला अर्धे मार्क द्यायला हवेत. कोणाला औषध मिळेल हे चिठ्ठीने ठरलं की माहीत असलेले आणि नसलेले सगळे फरक दोन्ही गटांत सारखे वाटले जातात, निदान सरासरीने. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी प्रसिद्ध झाली, अवघ्या १०७ रुग्णांवर. ३८४ वाल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण ‘बाकी कशानेच कारण कळत नाही’ हे पुढचं वाक्य सपशेल चूक. सिगरेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे चिठ्ठ्या टाकून कोणी ठरवलेलं नाही. तसं करणं माणुसकीला धरून झालं नसतं. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली कॅन्सरचे ७०९ रुग्ण आणि त्यांच्या जोडीला दुसऱ्या आजारांचे ७०९ रुग्ण घेऊन दोघांच्या सवयी मागे जाऊन तपासल्या. हा केस-कंट्रोल. आजाऱ्याला जुनं सगळं जरा जास्तच आठवतं, हा त्याचा कच्चा दुवा. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली: ब्रिटनमधल्या डॉक्टरांना आधी सवयी विचारून ठेवल्या आणि मग कोण कशाने जातं याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. हा कोहॉर्ट. दोन्ही आराखड्यांतले कच्चे दुवे वेगळे आणि उत्तर एकच, तेव्हा त्या उत्तराला वजन आलं.

आपल्या घराजवळचं उदाहरण हवं तर भायखळ्याच्या तुरुंगाचं घ्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच लस बनवली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस तुरुंगातल्या तयार असलेल्या कैद्यांना दिली. न टोचलेल्यांत मृत्यू झाले, टोचलेल्यांत नाहीत. आजचा परीक्षक लगेच विचारेल, जे पुढे आले ते मुळातच धडधाकट असतील तर? प्रश्न रास्तच आहे. पण तुरुंग एक, अन्न एक, साथही तीच, यामुळे ती तुलना बरीच मजबूत होती. आणि गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी पोहोचवून ४७ गावांशी तुलना केली. गावं चिठ्ठीने वाटलेली नव्हती. १९९९ साली निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे ते काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचलं.

तुमचा विषय समजा ‘लोकलच्या लांब प्रवासाने मार्क कमी होतात का’ असा आहे. चिठ्ठी टाकून कोणाला बदलापूरला राहायला पाठवणार? आणि नुसतं बदलापूरची मुलं विरुद्ध दादरची मुलं असं मांडलंत, तर प्रवासाबरोबर घराची मिळकत, शाळेचं माध्यम, क्लासची फी असं सगळंच बदलतं. मग निदान ते प्रश्न विचारा आणि सारख्या मिळकतीच्या मुलांची आपापसांत तुलना करा. किंवा शहराने स्वतःच केलेला प्रयोग शोधा: २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा त्या पट्ट्यातल्या मुलांचा वेळ वाचला, इतरांचा नाही. दोन्हीकडचे आधीचे आणि नंतरचे आकडे मिळाले तर चिठ्ठीविना बरंच काही सांगता येतं. नुसते मेट्रोच्या पट्ट्यातले आधी-नंतर पुरणार नाहीत, कारण त्या वर्षी पेपरच सोपे निघाले असतील.

मुलाखतींना गप्पा म्हणणाऱ्याने ‘घरी शौचालय आहे का? हो/नाही’ हा प्रश्न एखाद्या चाळीत विचारून बघावा. ‘हो’ म्हणणारीचं शौचालय मजल्याच्या टोकाला, आठ बिऱ्हाडांत मिळून असू शकतं. आधी चार बायांशी नीट बोलणं झालं तरच प्रश्नावलीत योग्य प्रश्न येतो. मुलाखतींनाही शिस्त असते: कोणाला का निवडलं, तेव्हाच नोंदी केल्या का, न पटणारं उत्तर वगळलं तर नाही ना. किती टक्के, हे मात्र मुलाखतींना विचारू नये.

पी-व्हॅल्यू ०.०४ म्हणजे गृहीतक ९६ टक्के खरं, असं व्हायवात छातीठोकपणे सांगितलं जातं. ती सांगते ते वेगळंच: मुळात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१६ मध्ये हे निवेदन काढून सांगितलं. शिवाय काहीही संबंध नसलेल्या २० गोष्टी तपासल्यात, तर त्यांतली किमान एक ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. आधी डेटा गोळा करा आणि मग एसपीएसएसमध्ये (आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये) काय लागतंय ते बघा, या पद्धतीत दुसरं काही हाती लागत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर १९३८ साली भारतातल्या सांख्यिकी परिषदेत म्हणाले होते, प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेकदा त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणं.

राहता राहिल्या मर्यादा. ‘वेळ आणि पैसा अपुरा’ हे तर प्रत्येकाचंच. वाचणाऱ्याला कळायला हवं की तुमचं उत्तर कोणत्या बाजूला झुकलं असेल. लोकलचंच घ्या: लिंक तुम्ही तृतीय वर्षाच्या ग्रुपवर टाकलीत. प्रवास झेपेना म्हणून पहिल्या वर्षी कॉलेज सोडलेला कर्जतचा मुलगा त्या ग्रुपवर नाहीच. उरले ते प्रवास पेलणारे. म्हणजे प्रवासाचा परिणाम तुमच्या आकड्यांत आहे त्यापेक्षा कमी दिसणार. मर्यादांच्या प्रकरणात हे लिहा.