ब्लूबर्डची पेटी लावताय? मग ती दर आठवड्याला उघडायचीही तयारी ठेवा

फेब्रुवारी सरत आला की न्यू जर्सी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिनाकडच्या मराठी घरांच्या परसात ब्लूबर्ड या छोट्या निळ्या पक्ष्याला घरटं करायला लाकडी पेट्या लागतात. बऱ्याचदा ती पेटी छान रंगवलेली असते, भोकाखाली बसायला दांडी असते आणि ती मेपलच्या खोडाला खिळ्यांनी ठोकलेली असते. हेतू शंभर टक्के चांगला. पण दांडीचा उपयोग ब्लूबर्डला नसतो, चिमणीला आणि भोकात डोकावणाऱ्यांना होतो. गडद रंगामुळे जूनच्या उन्हात आतली पिल्लं भाजून निघतात. आणि खोडावरची पेटी म्हणजे झाडावर चढणारा रॅकून हा प्राणी आणि रॅट स्नेक हा साप यांच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. म्हणून स्पष्टच लिहितो: जी पेटी कोणी उघडून बघणार नाही आणि जिच्या खांबाला अडसर नाही, ती लावूच नये. ढोलीत तरी पाखरू स्वतःच्या अकलेने जागा निवडतं. इथे आपण त्याला बोलावून घेतो, तेव्हा पुढची जबाबदारी आपली.

मुळात पेट्यांची वेळ का आली? ब्लूबर्डला चोचीने खोड कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोलीत, नाहीतर कुंपणाच्या कुजलेल्या लाकडी खांबात तो घरटं करतो. वाळकी झाडं तोडली गेली, लाकडी खांब जाऊन लोखंडी आले, आणि उरलेल्या ढोल्यांवर युरोपातून आणलेले दोन पक्षी तुटून पडले. 1851 मध्ये ब्रुकलिनला चिमण्या आणल्या गेल्या आणि 1890 मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग सोडले गेले. इलिनॉयमध्ये टी. ई. मसलमन यांनी 1934 पासून रस्त्याकडेने पेट्यांची रांग लावायला सुरुवात केली. पुढे लॉरेन्स झेलेनी यांनी 1978 मध्ये नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन केली. आज माळावर, गोल्फ कोर्सवर ब्लूबर्ड दिसतात, त्यामागे पेट्या बघणाऱ्या हजारो माणसांचे कष्ट आहेत.

स्टार्लिंगचा बंदोबस्त भोकाच्या मापाने होतो. पूर्वेकडच्या ब्लूबर्डसाठी बरोबर दीड इंच व्यासाचं गोल भोक ठेवा, स्टार्लिंग आत शिरू शकत नाही. पश्चिमेकडच्या आणि डोंगराळ भागातल्या जातींना 1 9/16 इंच लागतं.

चिमणीचं मात्र तसं नाही. ती सव्वा इंचातूनही जाते.

आणि इथेच आपल्या लोकांचा हात अडतो, कारण ही तीच आपली चिऊताई, जात अगदी तीच. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने सुरू केलेला 20 मार्चचा चिमणी दिवस आपण मनापासून पाळतो, आणि भारतात तिच्यासाठी पेटी लावणं योग्यच आहे. पण त्याच वसंतात अमेरिकेत चिमणा ब्लूबर्डच्या पेटीत घुसून, अंड्यांवर बसलेल्या मादीच्या डोक्यावर आणि डोळ्यांवर चोची मारून तिला ठार करतो आणि कधीकधी त्याच कलेवरावर आपलं घरटं रचतो. यात चिमणीचा दोष नाही, तिला तिथे नेणाऱ्या माणसांचा आहे. तरीही ‘एक घास चिऊचा’ ऐकत वाढलेल्या माणसाने तिथे चिमणीला पेटीत वीण करू देता कामा नये.

हे करायचं कसं? पेटी घरं, गोठे, तबेले आणि पाखरांना दाणे घालायचे फीडर यांच्यापासून लांब, मोकळ्या गवतात लावा. फीडरमध्ये बाजरीसारखं बारीक धान्य आणि मक्याचा भरडा घालू नका, त्यावर चिमण्यांचे थवे जमतात. पेटीत गवत, कागद, प्लास्टिक, पिसं असा पसारा छतापर्यंत चढलेला दिसला की तो चिमणीचा. तिची अंडी मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची असतात. हे घरटं काढायला कायद्याची आडकाठी नाही. पण चिमणा मादीपेक्षा पेटीला जास्त चिकटतो. घरटं काढत राहिलात तरी तो हटत नाही, उलट शेजारच्या पेटीवरही तुटून पडतो. तेव्हा काही दिवस भोक बंद ठेवा, नाहीतर पेटीच हलवा. ब्लूबर्डचं पहिलं अंडं पडलं की छतावर चमकत्या पट्ट्यांचा बुजगावणा उभारा. पट्ट्यांची टोकं छताला जेमतेम टेकली पाहिजेत. अंड्याआधी लावला तर ब्लूबर्डच बुजतो. पिल्लं उडाल्यावर काढून ठेवा, नाहीतर चिमणी सरावते.

आता पेटी. पाऊण ते एक इंच जाडीची सीडर किंवा पाइनची फळी, आतून काहीही न लावलेली. जुनं हिरवट, औषध मारलेलं लाकूड नको, त्यात आर्सेनिक असतं. तळ आतून 4×4 ते 5×5 इंच, तळापासून भोक सहा इंचांच्या आसपास. छत पुढे पाच इंच तरी यावं, म्हणजे पाऊसही अडतो आणि वरून घातलेला मांजराचा पंजाही. वर दोन्ही बाजूंना हवेची भोकं, तळाचे चारही कोपरे तासून पाणी जायला वाट, आणि एक बाजू उघडणारी. भोकाच्या आतल्या बाजूला खाली करवतीने आडव्या खाचा पाडायला विसरू नका. याच पेटीत येणाऱ्या ट्री स्वॅलो या भिंगरीच्या पिल्लांचे पाय आखूड असतात, गुळगुळीत फळीवर ती चढू शकत नाहीत.

खांबासाठी चार फुटी, अर्ध्या इंचाची सळई निम्मी जमिनीत ठोका आणि त्यावर वायरिंगचा पाऊण इंची ईएमटी पाइप सरकवा. ठोकण्याआधी 811 ला फोन करून जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या लाइनी विचारून घ्या. पेटी साधारण पाच फुटांवर असावी. तिच्या लगेच खाली आठ इंच व्यासाचा, दोन फूट लांबीचा स्टोव्हपाइप, म्हणजे पत्र्याचा नळ, लटकवा. त्याचं वरचं तोंड अर्ध्या इंची जाळीने बंद करा. हा नळ घट्ट बसवू नका, हलता ठेवा. रॅकूनला त्यावर पकड मिळत नाही, आणि आतून चढलेला साप जाळीपाशी अडतो. खांबाला ग्रीस फासायचा सल्ला सर्रास देतात, तो मानू नका. ग्रीस वाळतं, आणि त्यात माखलेल्या पाखराची पिसं निकामी होतात.

ट्री स्वॅलो, म्हणजे आपल्या माळभिंगरीच्या कुळातली निळ्या पाठीची भिंगरी, एप्रिलमध्ये आली की तीही हीच पेटी मागते. भांडण सोडवायचा उपाय साधा आहे: पंधरा-वीस फुटांवर दुसरी पेटी. स्वॅलोची जोडी दुसऱ्या स्वॅलोला जवळ येऊ देत नाही, ब्लूबर्डला सहसा चालवून घेते, म्हणजे दोघांची सोय होते. अशा दोन जोडपेट्यांमध्ये शंभर यार्ड अंतर ठेवा. झुडपांपासून मात्र दोनशे फूट दूर राहा, तिथे हाउस रेन हा छोटा तपकिरी पक्षी असतो आणि तो इतरांची अंडी टोचून फोडतो. पेटी काटक्यांनी भरलेली दिसली तर ती त्याची. तो इथलाच पक्षी, 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने संरक्षित. त्याच्या अंड्यांना हात लावायचा नाही, पुढच्या हंगामात पेटी हलवायची.

आठवड्यातून एकदा, कोरड्या दिवशी, सकाळ कलल्यावर बघायला जा. आधी हलकेच टकटक करा, मग उघडा, मिनिटाच्या आत बंद करा. माणसाचा हात लागला की पक्षी घरटं सोडतो, ही समजूत खोटी आहे. ब्लूबर्डचं घरटं नेटकं, गवताचं. अंडी चार-पाच, फिकट निळी, रोज एक. उबवायला 12 ते 14 दिवस, पुढे 16 ते 20 दिवसांत पिल्लं उडतात. स्वॅलोच्या गवतावर पिसांचं अस्तर असतं आणि अंडी पांढरी. अंडी फुटल्याची तारीख लिहून ठेवा, कारण बाराव्या दिवसानंतर पेटी उघडायची नाही. पंख तयार नसताना पिल्लं घाबरून बाहेर उडी मारतात आणि जमिनीवर मरतात.

घरट्याखाली करड्या अळ्या दिसल्या तर त्या ब्लोफ्लाय या माशीच्या, रात्री पिल्लांचं रक्त पितात. पिल्लं लहान असतील तर वाळक्या गवताचं तसंच घरटं करून त्यांना त्यात ठेवा. छताला आतून गांधीलमाश्यांनी पोळं धरू नये म्हणून अंगाचा साबण घासा. लॉनवर कीटकनाशक मारत असाल तर पेटी लावू नका, पिल्लांना भरवले जाणारे किडे त्याच गवतातले असतात. एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवस थंड पाऊस लागला की उडते किडे मिळत नाहीत आणि स्वॅलो मरतात. त्यावर आपल्या हातात फारसं काही नाही. ब्लूबर्डसाठी मात्र बशीत मीलवर्म, म्हणजे विकत मिळणाऱ्या अळ्या, ठेवता येतात.

पिल्लं उडाली की जुनं घरटं लगेच काढून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. पेटीखाली टाकलंत तर वासावर रॅकून येतो. पेटी साफ मिळाली तर तीच जोडी ऑगस्टपर्यंत दुसरी, दक्षिणेकडे तिसरी वीणही करते. हंगाम संपल्यावर पेटी उतरवू नका. नोव्हेंबरमध्ये वरची हवेची भोकं फोमच्या पट्टीने बुजवा. कडाक्याच्या रात्री पाच-सहा ब्लूबर्ड त्याच पेटीत एकमेकांना खेटून झोपतात. मार्च उजाडला की पट्ट्या काढा.