शेष जगाचे एक मत

युरोपातल्या देशांमध्ये दरवर्षी होणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत कधीतरी भारतानेही उतरावे, अशी इच्छा आपल्याकडचे तिचे मोजके चाहते अधूनमधून बोलून दाखवतात. मी त्यांच्यापैकीच एक असूनही मला तसे मुळीच वाटत नाही. त्या रंगमंचावर माझा देश नाही, ही माझ्या दृष्टीने मोठीच सोय आहे. क्रिकेटच्या सामन्यात भारत खेळत असला की समोरच्या संघाच्या उत्तम फटक्याला दाद देण्याइतकी सभ्यताही माझ्यात उरत नाही. युरोव्हिजनमध्ये मात्र एस्टोनिया हरला काय किंवा अल्बानिया जिंकला काय, माझे लक्ष गाण्यावरून ढळण्याचे कारणच नसते.

ज्यांना ही स्पर्धा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो येथे सात देशांनी ती सुरू केली आणि पहिला विजय यजमान देशानेच मिळवला. गाणे तीन मिनिटांपेक्षा मोठे नको, मंचावर सहापेक्षा अधिक माणसे नकोत आणि मुख्य गायकाने प्रत्यक्ष गायले पाहिजे, असे तिचे नियम आहेत. गायक त्याच देशाचा असावा, असा नियम मात्र नाही. १९८८ मध्ये कॅनडाच्या सेलिन डिऑनने स्वित्झर्लंडसाठी फ्रेंचमध्ये गाऊन अवघ्या एका गुणाने स्पर्धा जिंकली होती. १९८३ पासून हा कार्यक्रम दाखवणाऱ्या ऑस्ट्रेलियाला तर २०१५ मध्ये थेट स्पर्धक म्हणून बोलावण्यात आले आणि पुढच्याच वर्षी तो देश दुसरा आला. अंतिम फेरी आपल्याकडे शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर साडेबाराला सुरू होते आणि निकाल लागेपर्यंत चार वाजून जातात. सराफा बाजारात रात्री दोनला गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्या आम्हा इंदूरकरांना या जागरणाचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही.

या स्पर्धेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप शेजाऱ्यांच्या मतांचा आहे. ग्रीस सायप्रसला बारा, म्हणजे सर्वाधिक गुण देणार आणि सायप्रस ते परत करणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. तुर्कस्तान स्पर्धेत होता तेव्हा जर्मनीतले तुर्क त्याच्या पाठीशी उभे राहत. यावर नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माळव्यातली एखादी मुलगी मराठी वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पोहोचली की इंदुरात रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत घराघरांतून तिला मते जातात, आणि ती देणाऱ्या काकवा-मावश्यांपैकी किती जणींनी दुसऱ्या स्पर्धकांचे गाणे नीट ऐकलेले असते, हे न विचारणेच बरे. आपल्या भागापासून दूर राहणाऱ्या माणसाला आपला आवाज दूरच्या मंचावर ऐकू आला की तो मत देतो. त्यात लबाडी नाही, ओढ आहे. मला ही ओढ नाही, म्हणून माझे मत अधिक शुद्ध ठरते, असे नव्हे. ते केवळ वेगळ्या कारणासाठी दिलेले असते.

ते कारण भाषेचे आहे. देशाने आपल्याच भाषेत गावे, हा नियम १९९९ मध्ये कायमचा काढून टाकण्यात आला आणि त्यानंतर कित्येक वर्षे सादर होणारी बहुतेक गाणी इंग्रजी झाली. जिंकण्यासाठी इंग्रजीच लागते, या समजाला धक्के मात्र बसत राहिले. सर्बियाने २००७ मध्ये सर्बियन, पोर्तुगालने २०१७ मध्ये पोर्तुगीज, इटलीने २०२१ मध्ये इटालियन आणि युक्रेनने २०२२ मध्ये युक्रेनियन गाण्यावर विजय मिळवला. त्यातले पोर्तुगालचे गाणे मला सर्वांत प्रिय आहे, कारण साल्वादोर सोब्रालने ना आतषबाजी ना नर्तक, केवळ दबक्या आवाजात गाऊन ७५८ गुण मिळवले होते. २०२३ मध्ये फिनलंडचा कायरिया फिनिशमध्ये गायला आणि प्रेक्षकांच्या मतांत पहिला आला, पण परीक्षकांनी स्वीडनच्या लोरीनला इतके पुढे नेले की त्याला दुसऱ्या क्रमांकावर थांबावे लागले. त्या निकालाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शब्द कळत नसताना गाण्यात काय ऐकायचे, असे मला विचारले जाते. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या शहरात, जिथे तराण्याला लोक तल्लीन होऊन मान डोलावत आले आहेत, तिथे हा प्रश्न पडावा याचेच मला नवल वाटते.

आमच्यासारख्यांना मत देण्याचा अधिकार २०२३ मध्ये लिव्हरपूलच्या स्पर्धेपासून मिळाला. स्पर्धेत नसलेल्या सगळ्या देशांची मते एकत्र करून ती ‘शेष जग’ नावाच्या एका देशाची मानली जातात, म्हणजे भारत, चीन, अमेरिका, ब्राझील असे सगळे मिळून आमच्याकडे गाण्यांत वाटायला एकूण ५८ गुण असतात. इंदूरहून कितीतरी कमी वस्तीच्या माल्टाच्या प्रेक्षकांचेही तेवढेच. हे अन्यायाचे आहे, असे म्हणणारे चाहते मला भेटतात; मला ते अगदी योग्य वाटते. लग्नघरी आलेल्या पाहुण्याने जेवणाला दाद द्यावी, पंगतीचा बेत ठरवू नये.

माझी तक्रार वेगळी आहे. पहिली तीन वर्षे एका कार्डावरून पैसे मोजून तब्बल २० मते देता येत होती. अशा व्यवस्थेत एखाद्या गाण्यावर सहज लोभ जडलेल्या हजार जणांपेक्षा काही ठरवून आलेले पन्नास जण भारी पडतात. त्या तिन्ही वर्षी शेष जगाचे बारा गुण इस्रायललाच गेले. ते सगळे ठरवून झाले, असा आरोप मी करत नाही आणि गाणाऱ्या मुलींबद्दल तर मला काहीच म्हणायचे नाही, परंतु २०२५ च्या निकालानंतर खुद्द काही सहभागी वाहिन्यांनीच मतदानाविषयी शंका उपस्थित केल्या होत्या. इस्रायलच्या सहभागावरून गाझातील युद्धामुळे चिघळलेल्या वादात स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी २०२६ च्या व्हिएन्नातील स्पर्धेतून माघार घेतली. रशियाला २०२२ मध्ये वगळल्यानंतर ही स्पर्धा राजकारणापासून अलिप्त आहे, असे म्हणण्यात तसाही फारसा अर्थ उरला नव्हता. पाहायचे की नाही, हा निर्णय ज्याने त्याने घ्यावा. ज्या बहिष्काराची मला काडीचीही किंमत मोजावी लागणार नाही, त्याची घोषणा इंदुरातून करण्याचा मला संकोच वाटतो.

आयोजकांनी २०२६ साठी मतांची मर्यादा १० वर आणली आणि सरकारी पाठबळाच्या प्रचारावर निर्बंध घातले, हे चांगलेच झाले. तरीही निदान आम्हा बाहेरच्यांसाठी ही मर्यादा एकाच मताची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा मते हाताशी असली की माणूस चार गाण्यांना खूश करून मोकळा होतो. एकच असेल तर त्याला पंचवीस-सव्वीस गाणी शेवटपर्यंत ऐकावी लागतील.